झाली का?

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे हे कळल्यावर लोक त्याच्या गोळ्यांबद्दल साधारण तीन प्रश्न विचारतात. सवय लागते का? किती वर्षं घ्यायच्या? आणि मग आवाज खाली आणून, तो दिवसभर झोपूनच असतो का? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न खरं तर चौथा आहे. तो आजवर एकाही पाहुण्याने विचारलेला नाही. त्याला रोज शी होते का?

हसू आलं तर हसा. आमच्या घरातही आता या विषयावर भरपूर हसतात. पण २०२० च्या एप्रिलमध्ये या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ होतं, आणि त्यापायी दादा मरणाच्या दारात जाऊन आला. डोकं शांत करणाऱ्या काही औषधांनी आतडंही शांत होतं. इतकं शांत, की ते चालायचंच थांबतं. हे डॉक्टरांच्या पुस्तकात आहे, गोळ्यांच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावरही आहे. घराघरांत मात्र पोचलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. आपल्या दाढेत कुणीतरी चिप बसवली आहे, अशी त्याची खात्री होती. पुढच्या पाच वर्षांत दोन वेगवेगळी औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन झाली. दोन्हींचा उपयोग झाला नाही. मग मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी आईबाबांना समोर बसवून क्लोझापिनचं नाव काढलं. २०१३ साली ते सुरू झालं.

क्लोझापिनचा इतिहास एखाद्या सिनेमासारखा आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते स्वित्झर्लंडमधल्या बर्नला तयार झालं. १९७० च्या दशकात युरोपात वापरात आलं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक नाहीशा झाल्या आणि साध्या जंतुसंसर्गाने माणसं दगावली. औषध जवळपास गुंडाळलं गेलं. मग १९८८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. एका अटीवर: रक्त नियमित तपासायचं.

ती अट आमच्या घरानेही पाळली. सुरुवातीला दर आठवड्याला लॅबचा मुलगा सकाळी सातला यायचा. संध्याकाळी रिपोर्ट आला की बाबा चष्मा लावून पांढऱ्या पेशींचा आकडा मोठ्याने वाचायचे, जणू शेअर बाजाराचा भाव. मग ‘हं, ठीक आहे’ म्हणून फायलीत लावायचे. ती फाईल आज चार बोटं जाड आहे.

आणि औषधाने काम केलं. सहाएक महिन्यांनी दादा पुन्हा पेपर वाचायला लागला. शब्दकोडं सोडवायला लागला. मी एकदा विचारलं, आवाज गेले का रे? तो म्हणाला, “गेले नाहीत. पण आता शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखे आहेत. आपल्याला काय त्याचं.” बाराशे पानांची पुस्तकं वाचून मला जे कळलं नसतं ते या एका वाक्याने कळलं. हे औषध त्याला काय देतं, ते लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

*

आता थोडं आतड्याबद्दल.

आपली भाषा पोटाला फार मानते. पोटात गोळा येतो, पोटातलं ओठावर येतं, पोरासाठी आईचं आतडं तुटतं. विज्ञानाचंही म्हणणं फार वेगळं नाही. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त मज्जापेशींचं स्वतःचं जाळं आहे. मेंदूचा हुकूम नसतानाही ते अन्न पुढे ढकलत राहतं. केळ्याच्या सालातून केळं दाबत दाबत बाहेर काढावं, तशी ती लाट मागून पुढे सरकते.

ही लाट उठायला एक निरोप्या लागतो: ॲसिटिलकोलीन. त्याचा शोध लागला बेडकामुळे. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. दोन बेडकांची धडधडणारी हृदयं वेगवेगळ्या भांड्यांत ठेवायची. एका हृदयाची व्हेगस नावाची नस उत्तेजित करायची. त्याचे ठोके मंदावतात. मग त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडायचं. त्याचेही ठोके मंदावतात! म्हणजे नस हुकूम देते तो रसायनाच्या रूपात. ही कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असं लोवी सांगत. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

तोच निरोप्या हृदयाला ‘हळू’ म्हणतो आणि आतड्याला ‘चल’ म्हणतो. तोंडाला लाळ सुटणं, लघवी होणं, डोळ्याची बाहुली आकसणं हीही त्याचीच कामं. त्याला दारातच अडवलं की काय होतं, ते गावाकडच्या माणसांना ठाऊक असतं. महाशिवरात्रीला शंकराला वाहतो त्या धोतऱ्याच्या बिया कुणी खाल्ल्या, तर तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो, आणि पोट चिडीचूप होतं. धोतऱ्यातली ॲट्रोपिन आणि हायोसिन ही द्रव्यं ॲसिटिलकोलीनला अडवतात.

क्लोझापिन मेंदूत बरंच काही करतं, पण वाटेत या निरोप्यालाही जोरात अडवतं. शिवाय आतड्याला हलवणाऱ्या सेरोटोनिनचा एक दरवाजाही बंद करतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१६ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. एक्स-रेमध्ये दिसणारे बारीक तुकडे कॅप्सूलमधून गिळायला दिले आणि ते मोठ्या आतड्यातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पाहिलं. इतर औषधं घेणाऱ्यांमध्ये मध्यक वेळ होता २३ तास. क्लोझापिनवर असलेल्यांमध्ये १०४.५ तास. एक दिवस विरुद्ध चार दिवसांहून जास्त.

झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या सगळ्याच गोळ्या असं करत नाहीत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा मार्ग वेगळा आहे. पण अमिट्रिप्टिलिन, क्लोरप्रोमाझिन, ओलान्झापिन, झोप आणणारी जुनी ॲलर्जीची औषधं, हात थरथरू नयेत म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, ही सगळी कमीअधिक प्रमाणात त्याच निरोप्याला अडवतात. अफूच्या कुळातली ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन वेगळ्या दाराने येतात, पण तीही आतड्याला थोपवतात. एकाच माणसाच्या डब्यात यातल्या दोन-तीन असतील तर ओझ्याची बेरीज होते. दादाच्या डब्यात दोन होत्या. क्लोझापिन, आणि जुन्या औषधाच्या काळापासून चालत आलेली ट्रायहेक्सिफेनिडिल.

*

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन सांगलीला घरी आले होते. गल्लीच्या तोंडाशी असलेली पानपट्टी बंद झाली. दादा दिवसाला बारा-पंधरा सिगरेटी ओढायचा. बाबांनी वीस वर्षं सांगून जे झालं नाही ते पोलिसांच्या दांडक्याने आठवड्यात झालं. बाबा खूश होते.

दुसऱ्या आठवड्यात दादाची झोप वाढली. रात्री नऊला झोपलेला माणूस दुपारी एकला उठायचा. उशी लाळेने भिजलेली असायची. चहा तसाच गार व्हायचा. त्या दिवसांत सगळं जगच सुस्तावलं होतं, त्यात त्याची सुस्ती वेगळी दिसायला तशी जागा नव्हती. आई रोज बाथरूमच्या दाराशी उभी राहून विचारायची, “झाली का रे?” आतून उत्तर यायचं, “झाली.” तेहतीस वर्षांच्या मुलाला यापुढे काय विचारणार?

मग पोट जड वाटतंय म्हणायला लागला. आपल्याकडे पोटावरच्या औषधांची कमी नाही. आधी गरम पाणी, मग इसबगोल, मग एरंडेल. यातली इसबगोलची गोष्ट मला पुढे सर्जननी समजावली. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि मळाचा आकार वाढवतं. आतडं चालतं असेल तर त्या आकाराला ढकलायला त्याला सोपं जातं. पण आतडंच थांबलेलं असेल, तर तुंबलेल्या गटारात अजून एक पोतं टाकल्यासारखं होतं. क्लोझापिनच्या बद्धकोष्ठाला फुगणारी औषधं टाळतात ती यासाठी.

पाचव्या दिवशी पोट टम्म फुगलं. हिरवट उलटी झाली. आम्ही जवळच्या एका दवाखान्यात नेलं. दारात ताप, खोकला, प्रवास विचारून झालं. आतल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? दादा म्हणाला, “पोटात कुणीतरी सिमेंट ओतलंय.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. “असं हे आधीपण म्हणायचे का? कुणीतरी काहीतरी केलंय वगैरे?”

हा क्षण मला अजून सलतो. मी त्याच जागी बसून पोटात सिमेंट ओतलंय म्हटलं असतं, तर त्यांनी पोट दाबून पाहिलं असतं. दादाने तेच म्हटलं तर तो भ्रम. पोट सात-आठ तास दुखत असलेला माणूस उपमा देत होता, चांगली अचूक उपमा, आणि ती त्याच्या आजाराच्या खात्यात जमा झाली. मानसिक आजार असलेल्या माणसाच्या शरीराच्या तक्रारींचं असं नेहमी होतं. त्यात या आजारात वेदना कमी जाणवते, असंही पुष्कळदा आढळलेलं आहे. म्हणजे आधी दुखणं कमी कळतं, कळलं तर झोपेच्या गुंगीत सांगवत नाही, आणि सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

‘टेन्शन आणि गॅस’ असं निदान झालं. पोटदुखीचं एक इंजेक्शन मिळालं: डायसायक्लोमिन. मुरडा थांबवायला ते चांगलं औषध आहे. ते मुरडा थांबवतं, कारण तेही त्याच निरोप्याला अडवतं.

*

रात्री दोनला पुन्हा उलटी झाली. या वेळी तिला मळाचा वास होता. पोलिसांना फोन करून, शेजाऱ्यांची गाडी काढून, आम्ही मिरजेला मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथल्या सर्जननी आधी काही विचारलंच नाही. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. नेहमी पोटात गुरगुर ऐकू येते. दादाच्या पोटात काही नव्हतं.

एक्स-रेमध्ये फुगलेली आतडी सायकलच्या ट्यूबसारखी दिसत होती. सीटी स्कॅनमध्ये कुठे गाठ नाही, पीळ नाही. रस्त्यात दरड कोसळली नव्हती, रस्त्यावरची वाहतूकच थांबली होती. याला इलियस म्हणतात. वेळेत कळलं नाही तर फुगलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते सडतं, फुटतं. पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. क्लोझापिनमुळे आतडं जिवावर बेतेल इतकं थांबलेल्या १०२ रुग्णांची माहिती २००८ मध्ये एका शोधनिबंधात एकत्र केली होती. त्यातले २७.५ टक्के वाचले नाहीत. ज्या पांढऱ्या पेशींसाठी आम्ही चार बोटं जाड फाईल केली, त्यांचा धोका साधारण शंभरात एकाहूनही कमी जणांना असतो, आणि रक्त तपासत राहिलं तर तो बहुतेक वेळा वेळेत पकडला जातो. आतड्याची फाईल कुणीच करत नाही.

नाकातून पोटात नळी घातली. सलाईन, पोटॅशियम. तोंडाने काही नाही. सकाळी मानसोपचारतज्ज्ञ मॅडमचा फोन लागला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “सिगरेट ओढतो अजून?”

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. पण कोडं त्या प्रश्नानेच सुटलं. सिगरेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताला क्लोझापिनची विल्हेवाट वेगाने लावायला भाग पाडतात. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याला हे लागू नाही. ओढणाऱ्या माणसाला डोस जास्त लागतो. सिगरेट एकदम सुटली, की आठवडाभरात यकृत संथ होतं आणि त्याच गोळ्यांतून रक्तात कितीतरी जास्त औषध साचतं. दादाच्या गोळ्या बदलल्या नव्हत्या. पानपट्टी बंद झाली आणि डोस आपोआप वाढला. म्हणून ती झोप, म्हणून ती लाळ, म्हणून ते पोट.

*

क्लोझापिन थांबवलं. चौथ्या दिवशी पोटात गुरगुर ऐकू आली. आईने वॉर्डात हात जोडले. पण तिसऱ्या दिवशीच दुसरंही काहीतरी परतलं होतं. शेजारच्या घरातला रेडिओ पुन्हा आमच्या घरात लागला होता. दादाने नाकातली नळी उपसून काढली, कारण तिच्यातून कुणीतरी बोलत होतं.

मी त्या आठवड्यात सरळ सांगून टाकलं होतं की हे विषारी औषध पुन्हा नको. मॅडमनी मला थांबवलं नाही, पण त्या दादाशी बोलल्या. त्याला नीट समजावलं, काय झालं, पुन्हा होऊ शकतं का, दुसरे पर्याय कोणते आणि त्यांचा त्याच्यावर किती उपयोग झाला होता. दादा कमरेत वाकून बसला होता. म्हणाला, “पोट गेलं तरी चालेल. ते आवाज नकोत.”

मॅडम म्हणाल्या, “दोन्ही सांभाळू.”

४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर क्लोझापिन पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवावं लागतं. तसं चढवलं, आणि आधीच्या डोसच्या बरंच खाली थांबलो. ट्रायहेक्सिफेनिडिल बंद केली. आणि बद्धकोष्ठ होण्याची वाट न बघता रोजचं जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू केलं. एक मळ मऊ करणारं, एक आतड्याला हलवणारं. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ या गावाच्या नावाने अशी एक पद्धत ओळखली जाते. २०१७ च्या अभ्यासात तिने आतड्यातून जायचा वेळ ११० तासांवरून ६२ वर आणला. पूर्ण बरोबर नाही, पण जीव वाचायला पुरेसा.

मोजणी दादाने स्वतःच्या हातात घेतली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख असते, तिथेच तो हिरव्या पेनने टिंब काढतो. दोन दिवस टिंब नसेल तर औषध वाढवायचं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. पोट फुगलं, उलटी झाली, वारा सरायचा थांबला, तर फोनही नाही, थेट हॉस्पिटल. १९९७ सालचा ब्रिस्टल तक्ता आहे, त्यात शीचे सात प्रकार चित्रांसकट दिलेले आहेत. एक म्हणजे बकरीच्या लेंड्या, सात म्हणजे पाणी. दादाने तो पाठ केला आहे. फॅमिली ग्रुपवर सकाळी सुविचार आणि फुलं यांच्यामध्ये त्याचा एकच आकडा येतो: ४. बाबा त्याला अंगठा देतात.

पानपट्टी उघडल्यावर दादाने पुन्हा ओढायला सुरुवात केली, मग दोन वर्षांनी सोडलीही. पण या वेळी आधी मॅडमना सांगून, डोस कमी करत. हे तुमच्या घरात कुणाला लागू असेल तर एवढं करा: गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पोटाचं आपणहून सांगा, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर गोळ्यांचा पूर्ण डबा टेबलावर ओता.

जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे दादा आजारी पडायच्या तीन महिने आधी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोझापिनच्या बद्धकोष्ठाबद्दलचा इशारा अधिक कडक केला होता. २०२५ मध्ये तिथली रक्ततपासणीची सक्तीची व्यवस्था काढून टाकली, कारण तिच्यामुळे गरजूंनाही औषध मिळणं अवघड होत होतं. नियम येतात, जातात. शी मोजायचा नियम मात्र घरातच करावा लागतो.

गेल्या महिन्यात आईच्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलाला क्लोझापिन सुरू झालं आहे. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, गुण येतोय, फक्त झोपतो फार. आई स्पीकरवर बोलत होती. दादाने कोड्यातून मान वर काढली आणि फोन हातात घेतला.

“काकू, त्याचं पोट?”

पलीकडे जरा शांतता. “विचारते ना मी. रोज विचारते, झाली का. हो म्हणतो.”

“तसं नका विचारू,” दादा म्हणाला. “मीपण हो म्हणायचो. उठून बाहेर यायचा कंटाळा, बोलायचा कंटाळा. शेवटची कधी झाली, असं विचारा. वार सांगायला लावा.”

“थांब हं,” काकू म्हणाल्या, आणि फोन तसाच ठेवून आतल्या खोलीकडे गेल्या.